देव प्रार्थनेत बोलतो म्हणतात, मग मला काहीच का ऐकू येत नाही? हे ऐकणं शिकता येतं का?

तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी वीस मिनिटं डोळे मिटून बसता, देवाला सगळं सांगता, मग गप्प राहून वाट बघता आणि पंख्याच्या घरघरीशिवाय काही ऐकू येत नाही. माझंही बरीच वर्षं हेच चाललं होतं. कानात आवाज म्हणाल तर तो आजही येत नाही. मी वसईची, कॅथलिक घरातली. त्यामुळे दाखले तिकडचेच येतील, सांभाळून घ्या.

माझी चूक अशी होती की देवाचा आवाज कसा असणार, हे मी आधीच ठरवून बसले होते. बायबलमधली शमुवेलाची गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ होती, पण कधी नीट वाचली नव्हती. पोरगा मंदिरात झोपलाय, रात्री हाक येते. तो उठून धावतो कुठे, तर म्हाताऱ्या एली याजकाकडे. ‘मला बोलावलंत?’ एली म्हणतो, नाही रे बाबा, जा झोप. असं तीनदा होतं. म्हणजे देवाची हाक त्याला घरातल्या माणसाच्या हाकेसारखीच वाटली, आणि ओळख पटवून द्यायला दुसरं माणूस लागलं. तेव्हा कुठे चौथ्या वेळी तो म्हणाला, ‘बोल, तुझा दास ऐकत आहे.’ पुढचा भाग प्रवचनात क्वचित येतो. त्याला जे ऐकू आलं, ती एलीच्याच घराण्यावर येणाऱ्या शिक्षेची बातमी होती. पोरगा सकाळपर्यंत पडून राहिला, सांगायची हिंमत होईना. तुमच्या ‘देवाचं’ म्हणणं दर वेळी तुमच्या सोयीचंच निघत असेल, तर बोलणारे बहुधा तुम्हीच आहात.

मला खरी मदत झाली ती एका सैनिकामुळे. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला, पुढे संत झालेला इग्नेशियस लोयोला घरी महिनोन्महिने अंथरुणाला खिळून होता. शूरवीरांच्या कथा हव्या होत्या, घरात तसलं एकही पुस्तक नव्हतं. मिळालं ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. मग पडल्यापडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं रंगवायचा. एकात तो पराक्रम गाजवून एका मोठ्या घरच्या स्त्रीचं मन जिंकतो, दुसऱ्यात संतांसारखा अनवाणी जेरुसलेमला जातो. रंगवताना दोन्ही गोड लागायची. फरक नंतरचा. पहिलं सरलं की मन कोरडं, चिडचिडं व्हायचं, आणि दुसरं सरल्यावरही समाधान टिकून राहायचं. पुढे त्याने जी साधना शिकवली, तिचं मूळ या अंथरुणावरच्या निरीक्षणात आहे. ऐकायचं ते विचार येतो तेव्हा नाही, तो गेल्यावर जिभेवर जी चव उरते, तेव्हा.

म्हणून माझी खरी प्रार्थना सकाळची नाही, संध्याकाळची. विरार लोकलमध्ये ती शक्य नाही, तिथे पाय टेकायला जागा मिळाली तरी पुष्कळ. वसई रोडला उतरून घरची बस पकडली आणि खिडकी मिळाली, की सकाळपासूनचा दिवस मागे फिरवून बघते. आधी आभार मानायचे, मग कुठे मन मोकळं झालं, कुठे आखडलं ते बघायचं. चुकलं तिथे माफी मागायची, उद्यासाठी एखादी गोष्ट मागायची. दहा मिनिटं. पहिले दोन आठवडे मला त्यात ऑफिसमधल्या भांडणांखेरीज काही दिसलं नाही.

त्या वर्षी मला बढतीवर नागपूरला बदली मिळत होती आणि मी ‘जाऊ की नको’ म्हणून देवाला अगदी भंडावून सोडलं होतं. उत्तर काही आलं नाही. उलट दिवस मागे फिरवताना रोज एकच फालतू गोष्ट वर यायची. शेजारच्या म्हाताऱ्या आत्याबाई ओट्यावर बसलेल्या असतात, मी फाटकातून आत शिरते, त्या विचारतात, ‘आलीस काय गं?’ आणि मी न थांबता ‘हो’ म्हणते. बस्स, तो ‘हो’. चार-पाच दिवस तोच टोचत राहिला. मला रागच आला, एवढा मोठा प्रश्न विचारलाय आणि हे काय मध्येच! शेवटी एका संध्याकाळी पिशवी खाली ठेवून त्यांच्याजवळ बसले. त्यांना हवं होतं काय, तर कोणीतरी सुई ओवून द्यायला. मोतीबिंदू होता, दोरा सुईच्या नेढ्यात जात नव्हता. गोधडी तशीच अर्धी पडली होती.

बदलीचं आम्ही नवरा-बायकोने कागदावर फायदे-तोटे मांडून ठरवलं, आणि मी गेले नाही. त्यात कमी भक्ती झाली असं मला वाटत नाही. मन शांत असेल आणि कुठल्याच बाजूला ओढ नसेल, तर डोकं वापरून तोलून बघा, असं खुद्द इग्नेशियसनेच सांगून ठेवलंय. त्याचा आणखी एक नियम मी फार पाळते: मन उदास, कोरडं असताना आधी शांतपणे केलेला निश्चय मोडायचा नाही. तुम्ही आता ज्या कोरड्या काळात आहात, त्यात प्रार्थना सोडायचा निर्णय घेऊ नका, एवढंच.

दोन गोष्टी स्पष्ट बोलते. ‘देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय’ म्हणत कोणी तुमचं लग्न, पैसा, नोकरी ठरवायला लागलं, तर चार हात दूर राहा. आणि खरोखर कानात आवाज येत असतील, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा कर म्हणत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, फादरकडे नंतर. बाकी वेळी मात्र एखादा एली शोधाच. जो तुमच्या वतीने ऐकणार नाही, फक्त ‘जा, पुन्हा झोप’ म्हणेल, असा.

आत्याबाईंचं ऑपरेशन झालं, आता त्यांना स्वच्छ दिसतं. तरी मी यायच्या वेळेला दोन सुया काढून ठेवलेल्या असतात, एक पांढऱ्या दोऱ्याची, एक काळ्या.