खाली उतरून बघ

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. लांबलचक लिहिलायस, पण गाभा एवढाच आहे: तुमच्या गाड्या पासिंगच्या स्वयंचलित सेंटरमधले लोक म्हणायलेत की तपासणीच्या लेनवर मशीन सगळं मोजतं आणि निकाल आपोआप सर्व्हरला जातो, मग ही पोरगी गाडीखालच्या खड्ड्यात, पिटात, उतरून कपडे कशाला काळे करून घेते. मॅनेजर म्हणायलेत की डोळ्यांनी तपासायचे रकाने खुर्चीत बसून भरले तरी चालतात. ड्रायव्हर लोक हसायलेत. आणि आता तू मला विचारतेस, हे सोडून बेळगावच्या उद्यमबागेतल्या त्या ड्रॉइंगच्या नोकरीला जाऊ का.

जायचं तर जा की. त्यात कमीपणा नाही. पण पिटात उतरावं लागतं म्हणून जाणार असशील तर माझा आशीर्वाद त्याला नाही.

मशीन सगळं मोजतं हे तुला कोणी सांगितलं? मशीन विकणाऱ्या कंपनीच्या त्या ट्रेनिंगवाल्यानं? त्यानं कुठलं बटण कधी दाबायचं ते शिकवलं. ते शिकायलाच हवं, पण ते गाडी तपासायचं शिक्षण नव्हे. तुमच्याकडचा प्ले डिटेक्टरच घे, सांध्यांतला खेळ म्हणजे ढिलेपणा बघायचा तो. पुढची चाकं प्लेटवर घेतली की त्या प्लेटी चाकं डावी-उजवी, मागे-पुढे हलवतात. एवढंच. तो आकडा लिहीत नाही, पुढचं चाक जिच्यावर वळतं ती किंगपिन झिजली म्हणून सांगत नाही. तो हलवतो, आणि खाली टॉर्च घेऊन उभ्या असलेल्या माणसानं बघायचं असतं. स्टेअरिंगच्या टायरॉड एंडला खेळ आहे की किंगपिनला, की स्प्रिंगच्या शॅकलचं बुश गेलंय? खुर्चीत बसून तिथं टिक करणारा माणूस कशावर टिक करतो, मला खरंच कळत नाही.

आणि नुसतं उतरून भागत नाही. काय बघायचं ते माहीत लागतं. चाकाला खेळ दिसला तर वर बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांग. खेळ थांबला तर तो व्हील बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिला तर किंगपिनकडे बघ. हे मी एका मिस्त्रीकडून शिकलो, कॉलेजात नव्हे. आमच्या वेळी मोटार वाहन इन्स्पेक्टर व्हायचं तर १९८९ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे डिप्लोमा पुरत नव्हता. हलक्या आणि जड, पेट्रोल आणि डिझेल अशा गाड्यांची दुरुस्ती होणाऱ्या वर्कशॉपमध्ये वर्षभर काम केल्याचा अनुभव लागायचा, शिवाय जड गाड्यांचं लायसन्स. पुष्कळांनी तो अनुभव कागदावरच मिळवला. मी ते वर्ष खरोखर गाड्यांखाली काढलं आणि पुढची सगळी नोकरी त्या वर्षाच्या जिवावर केली. यात फुशारकी दिसत असेल तर दिसू दे.

आता ब्रेक. रोलरवर चाक ठेवलं की डाव्या-उजव्या चाकाचा जोर आणि त्यातला फरक आकड्यात येतो. हे फार चांगलं झालं. आम्ही मोकळ्या मैदानात गाडी पळवून ब्रेक मारायला लावायचो आणि अंदाज बांधायचो. त्यापेक्षा रोलर शंभरपट बरा. पण तो कुठली गाडी मोजतो? रिकामी, थंड ब्रेकची, सपाटीवरची. तीच गाडी महिन्याभरानं भरलेली तवंदी घाट उतरून निपाणीकडे येते, किंवा चोर्ला घाटातून गोव्याकडे जाते, तेव्हा ड्रम तापलेले असतात आणि मागून टनावारी वजन ढकलत असतं. लायनर किती उरलंय, हबचं सील गळून लायनरवर ऑइल आलंय का, ड्रमला तडा आहे का, हवेचा पाइप चेसीला घासतोय का, ब्रेक चेंबरचा रॉड किती बाहेर येतो, हे रोलर सांगत नाही. ते खालून दिसतं. जे उघडल्याशिवाय दिसत नाही, त्याचाही माग खालून लागतो: चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलचा ओघळ आला की समजायचं.

शिवाय रोलर आजचं सांगतो. सर्टिफिकेट आपण आजचं देतो का? आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांचं देतो, त्याहून जुनीला एक वर्षाचं. पुढच्या त्या सगळ्या दिवसांची हमी तुझ्या त्या टिक-मार्कवर उभी असते. म्हणून म्हणतो, खाली उतरून बघ.

टायरचंही तेच. पासिंगपुरते टायर भाड्यानं आणतात हे तुला आता कळलं असेल. रिफ्लेक्टर, स्टेपनी, कधी कधी आरसेसुद्धा. आमच्या भागात हा धंदा जुना आहे, त्यावर नाक मुरडून उपयोग नाही, ओळखता आलं पाहिजे. बाहेरचे चारी टायर नवे कोरे आणि मागच्या जोडचाकातलं आतलं चाक गुळगुळीत, असं कितीदा तरी बघायला मिळेल. नटांवर पान्याचे ताजे ओरखडे असतात, चेसी धुळीनं माखलेली आणि टायर मात्र धुतलेले. ट्रक-बसच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. गेज आतल्या टायरला लाव, बाहेरच्याला कोणीही लावतो. वाकल्याशिवाय आतलं टायर दिसत नाही, आणि वाकायचं नसेल तर तो रकाना भरू नकोस.

वेगाच्या गव्हर्नरची वायर, धुराच्या टेस्टला इंजिन गरम नसताना अर्धवट दिलेली रेस, डिझेल पंपाचा स्क्रू तेवढ्यापुरता फिरवून आणलेली गाडी, हे सगळं तू चार महिन्यांत शिकशील. त्यावर पत्र वाया घालवत नाही.

कायद्याचं मात्र सांगतो, कारण तुझे मॅनेजर त्याच्याच आडून बोलायलेत. स्वयंचलित केंद्रांचे नियम २३ सप्टेंबर २०२१ ला आले. जड वाहनांना १ एप्रिल २०२३ पासून सक्ती व्हायची होती, ती १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत पुढं ढकलली गेली. त्या नियमांत यंत्रांच्या चाचण्या आहेत तशीच डोळ्यांनी करायची तपासणीही आहे, आणि ती यंत्रांपेक्षा हलकी आहे असं कुठंही लिहिलेलं नाही. केंद्रानं फक्त तपासायचं. दुरुस्ती करायची नाही, गाड्या किंवा स्पेअर पार्ट विकायचे नाहीत, हेही त्यात आहे. तेव्हा गाडी नापास झाल्यावर "मॅडम, कुठं नेऊ दुरुस्तीला?" असं कोणी विचारलं तर गॅरेजचं नाव घेऊ नकोस. चांगल्या मनानंसुद्धा नको. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे सर्टिफिकेट नाकारलं तर कारण मालकाला लेखी द्यावं लागतं. "ब्रेक डिफेक्टिव्ह" हे कारण झालं का? "मागच्या डाव्या चाकाच्या लायनरवर हबमधून गळलेलं ऑइल" हे कारण. असं कारण लिहायचं तर ते आधी बघावं लागतं. मालक मराठी बोलणारा असो की कन्नड, त्याला खाली बोलावून बोट लावून दाखव. चिकोडी-हुक्केरीकडचा शेतकरी माणूस कागदावर भांडतो, पण तडा दिसला की गप्प होतो. निदान बहुतेक वेळा.

बहुतेक म्हणालो, कारण माझा मावसभाऊ गप्प झाला नाही. ही गोष्ट तुझ्या बाबांना माहीत आहे, तुला नसेल. उसाचा हंगाम तोंडावर आला होता. त्याचा ट्रक कारखान्याला लावायचा होता, पासिंग संपलेलं. गाडी माझ्यासमोर आली. मागच्या स्प्रिंगच्या मेन पाट्याला सेंटर बोल्टजवळ तडा होता आणि त्यावर चिखल थापला होता. तो म्हणाला, चिखल वाटेवरचा आहे. असेल. मी तो खरवडला आणि नापास लिहिलं. "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी", थोडं सांभाळून घ्या, असं कन्नडमध्ये हसत म्हणाला, म्हणजे आजूबाजूच्यांना वाटावं की हा माझा नातलग नव्हे. मी नाही केलं. नवा पाटा घालून गाडी परत येईस्तोवर ऊसतोडीची टोळी दुसऱ्याच्या गाडीवर गेली, तिला दिलेली उचल अंगावर आली. आमच्या आईनं त्या दिवाळीत माझ्याशी धड बोलणं केलं नाही. पुढं त्याच्या पोरीचं लग्न झालं, मला पत्रिका नव्हती. त्या पोरीला मी अंगाखांद्यावर खेळवलं होतं. त्या मुहूर्ताला मी निपाणीतच होतो, घरात.

वाईट वाटतं, अजून वाटतं. पण तू विचारशील, पुन्हा तसंच कराल का? तसंच करेन. तो पाटा उसाच्या वजनाखाली रस्त्यात तुटला असता तर धुरा एका बाजूला सरकून गाडी उलटली असती, आणि त्या हंगामात त्याचा ड्रायव्हर एकटा नसायचा, वर टोळीतली बायका-पोरं बसलेली असायची. लोक म्हणतात, नुसता तडा होता, एक हंगाम निघाला असता. निघालाही असता! ते मला नका सांगू. तडा मला दिसला होता. दिसल्यावर न दिसल्यासारखं लिहिणं मला जमत नाही, आणि दिसूच नये म्हणून खाली न उतरणं तर त्याहून जमत नाही. आडमुठा म्हणायचे मला. म्हणू देत.

आता कोर्टाचं ऐक, कारण कधी ना कधी तुझ्या टिक-मार्कबद्दल तुला कोणीतरी विचारणार आहे. त्याच कायद्याच्या कलम १३६ खाली अपघातातली गाडी तपासून आम्ही रिपोर्ट द्यायचो. त्यातलं शेवटचं वाक्य ठरलेलं असतं, की अपघात यांत्रिक दोषामुळे झालेला नाही. ते वाक्य इतक्या कागदांवर असतं की वकिलांना ते रबरी शिक्क्यासारखं वाटतं, आणि पुष्कळदा ते तसंच असतंही. एकदा एका वकिलानं मला उलटतपासणीत विचारलं, तुम्ही गाडीखाली गेला होता का? गेलो होतो. कुठल्या बाजूनं? म्हटलं, ड्रायव्हरच्या बाजूनं, कारण दुसरी बाजू बांधाला टेकली होती. आत काय बघितलं ते चाकाचाकानं सांगितलं. त्यांनी पुढचे प्रश्न सोडून दिले. मी काही फार हुशार साक्षीदार नव्हतो. बघितलेलं सांगत होतो, एवढंच.

ड्रायव्हर हसतात त्याचं काय करायचं, हे विचारलंयस. काही करायचं नाही. माझ्यावरही हसायचे, साहेब असून लोळतो म्हणायचे. तुझ्यावर मुलगी म्हणून जास्त हसतील, तेही खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे तोड नाही. पण खालून येऊन "तुझ्या टायरॉडची कॉटर पिन नाही, तार बांधलीय" असं एकदा सांगितलंस की तो ड्रायव्हर ढाब्यावर दुसऱ्याला सांगणारच. एक मात्र जीव तोडून सांगतो. ओढणी घेऊन, केस मोकळे सोडून पिटात उतरायचं नाही. ओव्हरऑल घाल, केस टोपीत. रोलर फिरत असताना त्या बाजूला पाय टाकायचा नाही, चाकाला ठोकळा लावल्याशिवाय आणि गाडीची चावी आपल्या हातात आल्याशिवाय खाली जायचं नाही. इंजिन चालू ठेवून ब्रेकची हवा बघायची असेल तर वर आपला माणूस बसव, गाडीवाल्याचा नव्हे. यात हयगय केलीस तर मी स्वतः सेंटरवर येऊन सगळ्यांसमोर ओरडेन, मग लाज वाटली म्हणू नकोस.

हंगामाच्या आधी रांग लागेल. दसऱ्याच्या सुमारास उसाच्या सगळ्या गाड्या एकदम पासिंगला येतात आणि वरून "लवकर आटपा" सुरू होतं. (ट्रॅक्टरमागच्या त्या दोन-दोन ट्रॉल्या, ना ब्रेक ना मागचा दिवा, त्या तुझ्या लेनवर येणारच नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायला बसलो तर हे पत्र संपायचं नाही.) रांग लांबली तर लांबू दे. दिवसाला किती गाड्या काढल्यास ते कोणी लक्षात ठेवत नाही. चिखलाच्या टायरनं गाडी रोलरवर घेऊ नकोस, चाक घसरतं आणि आकडा खोटा येतो. धुवायला परत पाठव, शिव्या खा.

आता मॅनेजरांचं. त्यांच्याशी वाद घालू नकोस, तुझं तोंड माझ्यासारखं आहे, बिघडेल. शांतपणे एवढंच म्हण की सर, खालची तपासणी न बघता भरायची असेल तर तसं मला मेलवर लिहून द्या. ते लिहून देणार नाहीत. मग तू तुझ्या पद्धतीनं काम करायला मोकळी आहेस. आणि दिलंच लिहून, तर त्याची एक कॉपी घरी ठेव, आणि मग खुशाल उद्यमबागेच्या नोकरीबद्दल बोलू.

तुझा,
काका

ता. क. जड गाडीच्या लायसन्सचं काय केलंस? ट्रकच्या लर्निंगला लाइट गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष हातात असावं लागतं. तुझं कॉलेजातच निघालंय, म्हणजे अडचण तुझ्या आळसाची आहे. लेनवर ट्रक दुसऱ्यानं चालवायचा आणि तू नुसतं बघायचं, हे मला पटत नाही. ब्रेकचं पेडल पायाखाली कसं लागतं ते तुला माहीत पाहिजे. येत्या सोमवारी अर्ज भर, आणि भरलास की बाबांच्या फोनवरून नको, तूच फोन कर.