फ्रीमन हा मॅकअटीरचा अपभ्रंश नव्हे

प्रश्न असा आला आहे: सुनेचे माहेर मूळचे आयर्लंडमधल्या डॉनेगलचे. ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात (1847 ते 1864) तिच्या पूर्वजांचे आडनाव मॅकअटीर. 1901 च्या शिरगणतीत त्याच वाडीत, त्याच जमिनीवर फ्रीमन. मध्ये काय घडले ते घरात कुणालाच ठाऊक नाही. ‘मॅकअटीरचा फ्रीमन असा अपभ्रंश कसा झाला असेल?’

झालेलाच नाही. हल्ली कुठल्याही बदललेल्या नावाला ‘अपभ्रंश’ म्हणतात, आणि मला ते आता ऐकवत नाही. अपभ्रंश म्हणजे उच्चाराची घसरण. पतंजलीने ‘गौः’चे गावी, गोणी, गोता हे अपभ्रंश दिले आहेत, त्यांत मूळ शब्द कानाला लागतो तरी. मॅकअटीर म्हणता म्हणता जीभ फ्रीमनवर कशी घसरेल? ‘कारकुनाने बदलले’ हेही तसेच आंधळेपणाने सांगितले जाते. ही माणसे गाव सोडून गेलीच नव्हती, आणि जी अमेरिकेला गेली त्यांची नावेही न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, म्हणजे परदेशातून येणाऱ्यांच्या तपासणी नाक्यावर, बदलली गेली नाहीत. तिथले कारकून जहाजाबरोबर आलेली यादी समोर ठेवूनच विचारपूस करत. कायद्याने बदलले म्हणावे, तर 1465 चा इंग्रजी आडनावे घ्यायला लावणारा कायदा डब्लिनभोवतालच्या चार परगण्यांपुरता होता. डॉनेगलशी त्याचा काही संबंध नाही.

अपभ्रंश म्हणायचाच तर तो मॅकअटीर. मूळ आयरिश नाव ‘मॅक अन् तीर’. मॅक म्हणजे मुलगा, अन् हे उपपद, आणि पुढचा शब्द खरे तर ‘सीर’. उपपदामागून षष्ठीत तो आला की स च्या डोक्यावर त बसतो. लिहिताना दोन्ही अक्षरे राहतात, बोलताना स गप्प होतो. हा त आपल्या त सारखाच दंत्य आहे. इंग्रजी कानाने त्याचा ट केला आणि मधला न गळाला. ही खरी घसरण. स्कॉटलंडमधल्या मॅकिन्टायरमध्ये तो न टिकला, आडनाव तेच.

‘सीर’ म्हणजे कारागीर, सुतार, गवंडी. गवंड्याला आयरिशमध्ये अजूनही ‘दगडाचा सीर’ म्हणतात. म्हणून काही मॅकअटीर कार्पेंटर झाले. 1770 ते 1786 या काळात डब्लिनचे आर्चबिशप असलेले जॉन कार्पेंटर आयरिशमध्ये आपले नाव मॅक अन् तीर असेच लिहीत.

मग फ्रीमन कुठून आला? इथेच खरी गंमत आहे. ‘सीर’ हा दुसराही एक शब्द आहे, त्याचा अर्थ मुक्त. आज दोघांचे स्पेलिंगही एक, उच्चारही एक. पण ते एका शब्दाचे दोन अर्थ नव्हेत. जुन्या आयरिशमध्ये कारागिराचा स्वर ‘आइ’कडे झुकणारा होता, मुक्ताचा ‘ओइ’कडे. पुढे दोन्ही स्वर एक झाले आणि शब्द एकमेकांवर येऊन पडले. वेल्शमध्ये कारागीरवाचक भाऊबंद ‘साइर’ आहे आणि त्याला मुक्ततेचा वाससुद्धा नाही. आपल्याकडे ‘नामन्’चे नाव झाले आणि ‘नौ’चेही नाव झाले, अगदी तसे. फरक इतकाच की आपल्याला ‘ते नाव’ आणि ‘ती नाव’ म्हणून सावरता येते.

आणि हा मुक्तवाचक सीर फोडून पाहा! त्याचे प्राचीन केल्टिक रूप ‘सु-विरोस्’, चांगला पुरुष. यातला ‘सु’ तो आपला सु, आणि ‘विरोस्’ तो आपला वीर. म्हणजे घटक जोडून पाहिले तर हा चक्क ‘सुवीर’ आहे. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलात सूक्तामागून सूक्त ‘बृहद् वदेम विदथे सुवीराः’ या चरणावर संपते, तोच सुवीर. आयरिशमध्ये शब्दारंभीच्या व चा फ झाला, म्हणून नुसता पुरुष म्हणजे ‘फर’. शब्दाच्या पोटात सापडलेला व मात्र विरून गेला आणि सुवीरचा सीर उरला. त्याचा विरुद्धार्थी ‘दीर’, म्हणजे गुलाम, तो ‘दु-विरोस्’पासून, आपल्या दुर् उपसर्गाचा. आज हीच जोडी आयर्लंडच्या बाजारात स्वस्त आणि महाग या अर्थाने फिरते. टोमॅटोच्या भावात सु आणि दुर् जिवंत आहेत, हे मला जेव्हा कळले तेव्हा मी दोन दिवस दुसरे काही बोललो नव्हतो.

एडवर्ड मॅकलायसट हे आयरिश आडनावांचे मोठे अधिकारी. त्यांनी फ्रीमनवर ‘चुकीचे भाषांतर’ असा शिक्का मारला आणि पुढच्या साऱ्यांनी तो गिरवला. मला तो मुळीच मान्य नाही. पश्चिम आयर्लंडच्या कॉनेमारातल्या मॅक कॉनरीचे ‘किंग’ झाले, ती चूक खरी. शेवटचा ‘री’ ऐकून कुणी तो राजा समजला. पण सीरचे दोन्ही अर्थ आयरिश बोलणाऱ्याच्या रोजच्या तोंडात होते. त्याला काय सुतार आणि मुक्त यांतला फरक कळत नव्हता? माझे मत असे की भाषांतर परक्याने केलेले नाही, घरच्यांनीच केले, आणि दोन अर्थांतला हवा तो निवडला. दुसऱ्याच्या जमिनीवर खंड भरून राबणाऱ्या कुळाने कार्पेंटर सोडून फ्रीमन घेतले, यात अज्ञान कुठे दिसते? खुद्द मॅकलायसट जन्माने लायसट होते, गळालेला मॅक त्यांनी स्वतः परत लावून घेतला. आडनाव माणूस निवडतो हे त्यांना तरी सांगावे लागू नये.

हे तुमच्या घराण्यापुरते तपासता येईल. 1901 च्या घरोघरच्या तक्त्यात भाषेचा रकाना आहे. तिथे थोरल्यांच्या नावापुढे ‘आयरिश आणि इंग्रजी’ असेल तर माझ्या म्हणण्याला बळ येते. खाली कुटुंबप्रमुखाची सही आहे की फुली, तेही बघा. सही असेल तर फ्रीमन त्याने स्वतःच्या हाताने लिहिले.

मधल्या चाळीस वर्षांच्या शिरगणत्या 1922 च्या डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याच्या आगीत गेल्या, असे सांगतात. तेही चूक. 1861 ते 1891 च्या शिरगणत्या सरकारने आगीच्या आधीच नष्ट केल्या होत्या. त्यामुळे बदलाचे साल हवे असेल तर मूल्यांकन कार्यालयाच्या फेरतपासणी वह्या काढा. त्या आपल्या फेरफार नोंदींसारख्या असतात: जुन्या कब्जेदाराच्या नावावर काट, वर नवे नाव, आणि शाईचा रंग वेगळा. त्या रंगाची शाई कुठल्या सालची, हे वहीतूनच लागते.

आणि लिहिताना ‘अपभ्रंश झाला’ लिहू नका. मराठीत आडनाव ‘लावतात’. ते घराणे अमुक सालापासून फ्रीमन लावू लागले, असे लिहा.