‘लघुउद्योग’, ‘कारखाना’ आणि आठ माग

प्रश्न सोलापूरच्या एका वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीचा आहे. ‘राज्याच्या अर्थव्यवस्थेत लघुउद्योगांचे स्थान’ या विषयावरील निबंधात तिने लिहिले होते, “माझे वडील कारखानदार आहेत, आमच्या कारखान्यात आठ माग आहेत.” शिक्षकांनी ‘कारखानदार’ हा शब्द खोडून तेथे ‘लघुउद्योजक’ असे लिहिले आणि समासात शेरा दिला की आठ मागांच्या जागेला कारखाना म्हणत नाहीत. तिच्या शंका तीन आहेत. ‘लघुउद्योग’, ‘लघू उद्योग’, ‘लघु उद्योग’ आणि ‘लघुद्योग’ या चार लेखनांपैकी बरोबर कोणते? आठ मागांना कारखाना म्हणणे खरोखर चूक आहे का? आणि तिची आई घरी बसून दुसऱ्या एका कारखान्यातून आणलेल्या टॉवेलांच्या कडा शिवते, त्या कामाला गृहउद्योग म्हणावे का?

लेखनाचा प्रश्न लवकर सुटण्यासारखा आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे तत्सम उकारान्त शब्द स्वतंत्रपणे आला तर दीर्घान्त लिहायचा आणि समासाचे पूर्वपद म्हणून आला तर मूळचा ऱ्हस्व राखायचा. म्हणून ‘गुरू’ पण ‘गुरुदक्षिणा’, ‘लघू’ पण ‘लघुकथा’. त्यानुसार जोडून लिहिलेला ‘लघुउद्योग’ हा सामासिक शब्द बरोबर आहे, आणि विशेषण सुटे ठेवून लिहिलेला ‘लघू उद्योग’ही बरोबर आहे. ‘सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग’ या शब्दावलीत ‘लघू’ एकटा उभा असल्यामुळे तेथेही दीर्घच हवा. फलकांवर सर्रास दिसणारा सुटा ऱ्हस्व ‘लघु’ हे हिंदीचे वळण आहे. ‘लघुद्योग’ मात्र कोणत्याही हिशेबाने चूक आहे, कारण संधी करायचाच म्हटला तर उ आणि उ मिळून ऊ होतो. जसे ‘गुरूपदेश’, ‘भानूदय’, तसे ‘लघूद्योग’. ‘ग्रामोद्योग’ आणि ‘कुटीरोद्योग’ हे संधी आपण सहज स्वीकारले, पण ‘लघूद्योग’ रुळला नाही. माझ्या मते त्याचे कारण असे की ‘ग्रामोद्योगा’त उद्योग ऐकू येतो, ‘लघूद्योगा’त तो जिभेखाली दडतो. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्थापलेल्या लघुउद्योग विकास महामंडळाच्या नावातही संधी न करता ‘लघुउद्योग’ असेच आहे. तेच लेखन ठेवावे.

आता अर्थाकडे वळू. संस्कृत ‘लघु’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘वजनाने कमी’ असा आहे, आणि मराठीतले ‘हलका’ व ‘हळू’ हे त्याचेच वंशज आहेत. वंशज असले तरी त्यांची चाल वेगळी झाली. ‘हलक्या प्रतीचे’, ‘हलक्या कानाचे’ असे म्हणताना मराठी माणूस कमीपणा सुचवतो, तर तत्सम ‘लघू’ने तसे काही सुचत नाही. छंदःशास्त्रात लघू अक्षर म्हणजे एक मात्रा आणि गुरू अक्षर म्हणजे दोन मात्रा. तेथे तो केवळ मोजणीचा शब्द आहे. ‘लघुउद्योग’ या शब्दातही तो मोजणीसाठीच आला आहे आणि म्हणून विचारायला हवे की येथे मोजले काय जाते.

१९५५ मध्ये, म्हणजे प्राध्यापक द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांविषयीचा आपला अहवाल दिला त्याच वर्षी, लघुउद्योगाची जी सरकारी व्याख्या झाली तिच्यात दोन मापे होती. भांडवली मालमत्ता पाच लाख रुपयांपर्यंत असावी आणि विजेवर चालणाऱ्या ठिकाणी कामगार पन्नासांहून कमी, विजेविना चालणाऱ्या ठिकाणी शंभरांहून कमी असावेत. एक माप पैशाचे आणि एक माणसांचे, अशी ती व्याख्या होती. पुढे माणसांचे माप गळून पडले. २००६ च्या अधिनियमाने ‘सूक्ष्म, लघू व मध्यम’ अशा तीन पायऱ्या पाडल्या, त्या यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीवर. आणि १ जुलै २०२० पासून गुंतवणुकीच्या जोडीला वार्षिक उलाढाल आली. उत्पादन करणाऱ्या सूक्ष्म उद्योगाची गुंतवणूक-मर्यादा २००६ मध्ये २५ लाख रुपये होती, २०२० मध्ये ती एक कोटी झाली आणि १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटी आहे. ज्या घरात चाळीस लाखांची यंत्रे होती ते घर २०२० च्या जूनअखेर ‘लघू’ होते आणि दुसऱ्या दिवशी ‘सूक्ष्म’ झाले. मागावरचा धागाही हलला नाही. शब्द तेच राहतात, त्यांचे माप कागदावर बदलते, हे लक्षात ठेवले तर शिक्षकांनी सुचवलेल्या दुरुस्तीतली अडचण कळते. आठ साध्या यंत्रमागांचा मालक आजच्या व्याख्येने लघुउद्योजक ठरणार नाही. त्याच्या नोंदणीच्या प्रमाणपत्रावर बहुधा ‘सूक्ष्म’ असेच असेल. म्हणजे एक शब्द अचूकतेसाठी खोडला आणि त्याच्या जागी आला तोच कायद्याच्या दृष्टीने अचूक नव्हता.

‘कारखाना’ हा शब्द फारसीतून आला. ‘कार’ म्हणजे काम आणि ‘खाना’ म्हणजे घर. कामाचे घर तो कारखाना. शिवकाळातील अठरा कारखान्यांची यादी पाहिली तर तीत तोफखाना आहे, जामदारखाना आहे, आबदारखाना, मुदबखखाना, फरासखाना आणि पीलखानाही आहे. पाणी ठेवण्याचे खाते, स्वयंपाकाचे खाते, तंबू-सतरंज्यांचे खाते, हत्तींची पागा, हे सगळे कारखानेच. यंत्रे किती, माणसे किती हा प्रश्न त्या शब्दाने कधी विचारलाच नाही. त्याला संख्येची अट पहिल्यांदा जडली ती कायद्याच्या भाषेत. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने विजेवर दहा किंवा विजेविना वीस कामगार असलेली जागा म्हणजे कारखाना असे ठरवले, आणि २०२० च्या श्रमसंहितेत हेच आकडे वीस आणि चाळीस झाले. ती व्याख्या कामाचे तास, सुरक्षितता, पाळणाघर अशा तरतुदी कोणाला लागू करायच्या हे ठरवण्यासाठी आहे. कायद्याच्या चर्चेत ती पाळलीच पाहिजे. पण कायद्यातील व्याख्येने भाषेतील अर्थ रद्द होत नाही, आणि मुलगी आपल्या वडिलांविषयी लिहीत असताना ती भाषेत लिहीत असते.

सोलापुरात तर या शब्दाचा वापर इतका घरगुती आहे की तो ऐकण्यासाठी पूर्व भागातल्या कोणत्याही गल्लीत जावे. समोर राहण्याची खोली, मागे पत्र्याच्या छपराखाली माग, मधे एक दार. पाहुण्याने “वडील कुठं आहेत?” असे विचारले की घरातले पोर “कारखान्यात” म्हणून सांगते आणि बोट दाखवते ते त्या मधल्या दाराकडे. दार उघडले की धोट्याचा खडखडाट अंगावर येतो, बोलायचे असेल तर कानाशी तोंड न्यावे लागते, आणि मागामागून चालणाऱ्या माणसाच्या भुवयांवर सुताचा पांढरा कोंडा बसलेला असतो. कोपऱ्यात एक बाई कांड्या भरत असते; आडवा धागा त्या कांडीतूनच धोट्यात जातो आणि कांडी संपली की माग थांबतो. वीज गेली की गल्ली एकदम शांत होते, आणि लोक म्हणतात, “कारखाने बंद पडले.” या वाक्यातील ‘कारखाने’ बदलून ‘सूक्ष्म उद्योग’ घातले तर सोलापूरकराला ते वाक्य आपले वाटणार नाही. याउलट ज्या मोठ्या कापड गिरण्यांमुळे या शहराचे नाव झाले, त्यांना येथे कोणी कारखाना म्हटले नाही. त्या ‘गिरण्या’च होत्या. जुनी गिरणी म्हणजे गिरणी आणि मागांचे घर म्हणजे कारखाना, हा भेद या गावाने स्वतः केलेला आहे. (ओघात सांगतो, कन्नडात मागाला ‘मग्ग’ म्हणतात आणि तेलुगूत ‘मग्गम’, हे तिन्ही शब्द येथे एकाच गल्लीत ऐकू येतात.) २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ते गावाच्या नावाने विणल्या जाणाऱ्या मालाला मिळाले, आणि तो माल मुख्यतः अशाच छपरांखाली विणला जातो. म्हणून ‘कारखानदार’ हा शब्द निबंधात निःशंकपणे ठेवावा.

तरीही शिक्षकांच्या शेऱ्यामागे एक खरी अडचण आहे आणि ती ‘उद्योग’ या शब्दात आहे. इंग्रजीत इंडस्ट्री आणि एंटरप्राइझ असे दोन वेगळे शब्द आहेत. मराठी अनुवादात दोन्हींसाठी ‘उद्योग’ हा एकच शब्द वापरला गेला. हिंदीने दुसऱ्यासाठी ‘उद्यम’ घेतला. मराठीत ‘सार्वजनिक उपक्रम’ या शब्दप्रयोगातला ‘उपक्रम’ घेता आला असता, आणि तो घ्यायला हवा होता असे मला वाटते, पण आता ती वेळ गेली. परिणाम असा की राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, महाराष्ट्रात ४७.७८ लाख सूक्ष्म, लघू व मध्यम ‘उद्योग’ आहेत असे वाचले की वाचकाच्या डोळ्यांपुढे लाखो धुरांडी उभी राहतात. वास्तविक त्या फेरीत देशभर मोजलेल्या सुमारे ६.३४ कोटी ‘उद्योगां’पैकी २.३० कोटी निव्वळ व्यापार करणारे होते. वस्तू बनवणारे त्याहून कमी, सुमारे १.९७ कोटी, बाकीचे सेवा देणारे. किराणा दुकान, चहाची टपरी, शिंप्याचे यंत्र, सलून हे सगळे त्या ‘उद्योगां’त आहेत. महाराष्ट्रातील त्या ४७.७८ लाखांत ९०.७७ लाख माणसे काम करीत होती. भागाकार केला तर एका ठिकाणी दोन माणसेही भरत नाहीत: एक मालक, आणि हाताखाली फार तर एखादे घरचे किंवा बाहेरचे माणूस.

तुमच्या निबंधाच्या विषयासाठी हा भागाकार फार मोलाचा आहे. देशाच्या सकल मूल्यवर्धनात या सगळ्यांचा वाटा सुमारे तीस टक्के सांगितला जातो. तो आकडा निबंधात द्यावा, पण राज्याच्या अर्थव्यवस्थेत त्यांचे स्थान कोणते हे त्या आकड्यापेक्षा माणसांच्या संख्येतून अधिक कळते, कारण शेतीबाहेर पडलेला किंवा गिरणी बंद झाल्यावर उरलेला माणूस पहिल्यांदा येथेच हातपाय हलवतो. सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद झाल्या, तरी शहर कापडाचेच राहिले ते या आठ-दहा मागांच्या घरांमुळे. १९५५ च्या व्याख्येत माणसे मोजण्याचे जे माप होते ते आजच्या व्याख्येत नाही. ते उणेपण निबंध लिहिणाऱ्याने स्वतः भरून काढावे.

हा सगळा पसारा एका शब्दात सांगायचा तर मराठीत एक जुना, नेमका जोडशब्द आहे: ‘उद्योगधंदे’. त्यात कारखाना येतो, दुकान येते आणि टपरीही येते. ‘उद्योग’ या शब्दाला मराठीत मूळचा मान आहे, उद्योगाच्या घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरतात असे आपण म्हणतो. ‘धंदा’ या शब्दाला रोजच्या व्यवहाराचा वास आहे. जोडले की दोन्ही मिळून संपूर्ण बाजारपेठ उभी राहते. म्हणून सर्वांविषयी बोलताना ‘छोटे उद्योगधंदे’ म्हणावे, कायद्यातील पायरी सांगायची असेल तेथेच ‘सूक्ष्म उद्योग’ किंवा ‘लघुउद्योग’ म्हणावे, आणि जागेविषयी बोलताना ‘कारखाना’.

शेवटची शंका आईच्या कामाविषयीची, आणि माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ‘गृहउद्योग’ आणि ‘गृहोद्योग’ ही दोन्ही लेखने चालतात. प्रश्न लेखनाचा नाहीच. जी बाई स्वतः शेंगदाणे विकत घेते, चटणी कुटते, कडक भाकऱ्या भाजते, आपला भाव आपण ठरवते आणि नफा-तोटा आपण सोसते, तिच्या कामाला गृहउद्योग म्हणावे. तुमच्या आईंच्या बाबतीत टॉवेल दुसऱ्याचे, दोराही बहुधा त्यानेच दिलेला, आणि मोबदला नगावर ठरलेला आहे. काम घरात होत असले तरी ती मजुरी आहे. तिला गृहउद्योग म्हटले की कामगाराची मालकीण होते आणि तिला काम देणारा मालक वाक्यातून नाहीसा होतो. मग तिच्या मजुरीचा दर कोणाकडे मागायचा हेही कळेनासे होते. सोलापुरात घरी विड्या वळणाऱ्या हजारो बायका आहेत. त्या कारखान्यातून पाने आणि तंबाखू घरी आणतात, विड्या वळून परत नेऊन देतात. त्यांच्यासाठी केलेल्या १९६६ च्या विडी व सिगार कामगार अधिनियमाने मालकाने किंवा ठेकेदाराने दिलेल्या कच्च्या मालापासून घरी विड्या वळणाऱ्या माणसालाही स्पष्टपणे कामगारांत धरले होते. त्याच न्यायाने निबंधात असे लिहावे: “माझे वडील कारखानदार आहेत, आमच्या कारखान्यात आठ माग आहेत, माझी आई टॉवेल उद्योगातील कामगार आहे आणि ती घरी काम करते.”