होडीत वजन कुठं ठेवायचं

आउटबोर्डवाली, म्हणजे मागच्या टोकाला बाहेरून इंजिन लावलेली लहान होडी आधीच मागे जड. इंजिन सांभाळायला तूही तिथंच बसणार. त्यात पेट्रोलचा कॅन आणि बर्फाची पेटीही मागे कोंबलीस, तर मागून आलेली लाट सरळ आत. पेटी मधोमध, तळालाच ठेव आणि दोरीनं आवळून बांध. नांगर नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकात चालेल, पण पुढेही फार वजन नको. खाडीच्या मुखाशी नाळ लाटेत घुसते. भिजलेलं जाळं कोरड्यापेक्षा बरंच जड, हा हिशेब निघतानाच कर. जाळं ओढताना सगळ्यांनी एकाच बाजूला वाकू नका (सांगून कोण ऐकतंय म्हणा!). तळातलं पाणी मात्र साचू देऊच नकोस. १ लिटर म्हणजे साधारण १ किलो, आणि होडी कलली की तेही त्याच बाजूला धावतं.