प्रार्थनेचे शब्द सरतात तेव्हा

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांमधून समुपदेशनासाठी माझ्याकडे जी माणसे येतात, त्यांची गाऱ्हाणी नाना तऱ्हेची असतात. परंतु ओळख पटली, संकोच सैल झाला, की त्यांच्यापैकी बरीच जण आवाज खाली करून एकच गोष्ट विचारतात. एकट्याने प्रार्थनेला बसलो की दोन मिनिटांत बोलायचे संपते, तेच शब्द आणि तीच मागणी रोज निघते, मन वावरात नाहीतर बँकेत जाऊन बसते. मग आमच्या विश्वासात काही खोट आहे काय? विचारणारी माणसे चर्चपासून दूर गेलेली नसतात. कोणी महिला मंडळाची सेक्रेटरी असते, कोणी संडे स्कूलची शिक्षिका, कोणी पंच कमिटीतले ज्येष्ठ गृहस्थ, आणि म्हणूनच त्यांना याची लाज अधिक वाटते.

या प्रश्नावर मी एक उलटा प्रश्न विचारते: तुम्ही शास्त्र, म्हणजे बायबल, केव्हा वाचता आणि प्रार्थना केव्हा करता? उत्तर बहुधा ठरलेले असते. वाचन सकाळी, प्रार्थना रात्री. किंवा अध्याय संपला की बायबल मिटायचे, ते कपाळाला लावून कपाटात ठेवायचे आणि मग डोळे मिटून आपल्या मागण्या सुरू करायच्या. दोन्ही गोष्टी नेमाने चालू असतात, पण एकीचा दुसरीशी काही संबंध नसतो. माझे मत असे, की प्रार्थनेत पहिले बोलणे आपले नसतेच. देव आधी बोललेला आहे आणि आपण त्याला उत्तर देत आहोत, हे ज्याच्या ध्यानात आले त्याला शब्दांची चणचण फारशी भासत नाही. हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून एका भावांची हकीकत सांगते. त्यांची ओळख पटू नये इतके तपशील मी बदलले आहेत.

हे भाऊ घाटंजीच्या बाजूचे, कोरडवाहू शेती करणारे, पन्नाशी ओलांडलेले, मंडळीत मान असलेले. पहिल्या भेटीला त्यांची पत्नीही सोबत होती आणि तक्रार खरे तर तिनेच मांडली: "रोज पहाटे उठून वाचतात जी हे. पण वाचून उठले का तोंड जास्तच कडू."

भाऊ म्हणाले, "मंडळीत उभा राहिलो तर दहा मिनिटं प्रार्थना करतो, ताई. घरी एकटा बसलो का मुकाच."

त्यांनी पिशवीतून आपले बायबल काढून दाखवले. काळ्या रेक्झिनचे कव्हर, आणि आत प्रत्येक अध्यायाच्या आकड्याशेजारी पेन्सिलीने घातलेली बारीक तारीख. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचण्याचा तक्ता त्यांनी पाळला होता. जुना आणि नवा करार मिळून १,१८९ अध्याय होतात, म्हणजे रोज तीन-चार अध्याय हातावेगळे करावे लागतात. असे तक्ते वाईट असतात असे मी म्हणणार नाही, कारण सगळ्या शास्त्राची ओळख त्यांनीच होते. मात्र जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातील यज्ञविधींपर्यंत पोहोचता पोहोचता पुष्कळांचे वाचन हे कापूस मोजून टाकल्यासारखे होते, किती किलो झाले एवढेच पाहिले जाते. भाऊंना आदल्या दिवशीच्या अध्यायातले काय आठवते असे मी विचारले, तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे तारीख सांगितली.

मी त्यांना तक्ता काही महिने बाजूला ठेवायला सांगितला. एका वेळी पाच-सहा ओव्या, त्याही मोठ्याने आणि दोनदा वाचायच्या. मोठ्याने वाचण्याचा माझा आग्रह जुना आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूशी (इथिओपियाचा) षंढ रथात बसून यशया संदेष्ट्याचे पुस्तक वाचत असतो आणि ते फिलिप्पाला ऐकू येते, म्हणजे एकटा माणूसही त्या काळी बहुधा ओठांनी आणि कानांनी वाचत असे. मग जिथे मन अडेल, आनंदाने अडो की रागाने, तिथेच थांबायचे, पुढे जायचे नाही आणि त्या अडण्याविषयीच देवाशी बोलायचे. त्यानंतर थोडा वेळ गप्प बसायचे.

"रागानं अडलं तरी चालते?" भाऊंनी विचारले.

मी त्यांना बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकातले तेरावे स्तोत्र उघडायला लावले. पहिल्या दोनच ओव्यांत दावीद देवाला चार वेळा विचारतो की हे कोठवर चालायचे. नंतर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र दाखवले, ज्याचा शेवट अंधारातच होतो, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरीही ते देवाच्या लोकांच्या प्रार्थनासंग्रहात शतकानुशतके जपले गेले आहे. भाऊ बराच वेळ ते पान पाहत राहिले. आपल्याकडे प्रार्थना म्हणजे चांगले, गोड आणि सभेत शोभेल असेच बोलणे, हा समज इतका खोल आहे की मनातली खरी गोष्ट दाराबाहेर ठेवूनच माणूस गुडघे टेकतो. आणि खरी गोष्ट बाहेर राहिली की आत बोलायला उरते तरी काय?

पुढच्या काही भेटी अशाच गेल्या. भाऊंची जीभ थोडी सुटली होती, पण एका ठिकाणी ते पुन्हा पुन्हा येऊन थांबत. त्यांच्या घरात भिंतीवर यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातली अकरावी ओवी फ्रेम करून लावलेली होती. देवाचे हिताचे संकल्प आणि पुढची आशा यांविषयीची ती ओवी आपल्या भागात कितीतरी ख्रिस्ती घरांत दिसते. नवीन वर्षाच्या उपासनेत वाटल्या जाणाऱ्या वचनांच्या कार्डांवरही ती हमखास असते. "सात वर्षं झाले हे वचन धरून मागतो हाये," भाऊ म्हणाले. "पिकाचं मागतो, पोराच्या नोकरीचं मागतो. वचन देवाचं, मंग देव देत काहून नाही?"

मी म्हटले, "भाऊ, ही ओवी एका पत्रातली आहे. पत्र कोणी मधूनच वाचते का? वरून वाचा."

ते वाचू लागले. कापूस वेचून बोंडांच्या टोकांनी चिरलेले बोट ओळीखालून सरकत होते. इ.स.पू. ५९७ च्या सुमारास बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून धाडलेले हे पत्र. आदल्याच अध्यायात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल अशी हवीहवीशी घोषणा केलेली. यिर्मया मात्र त्यांना घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा असे सांगतो. दहाव्या ओवीत बाबेलातल्या सत्तर वर्षांची गोष्ट आहे आणि भिंतीवरची ओवी त्याच्यानंतर येते. पण भाऊ दहाव्या ओवीपर्यंत पोहोचलेच नाहीत. सातव्या ओवीवर त्यांचे बोट थांबले. ज्या नगरात तुम्हाला बंदिवान करून नेले, त्याच्या कल्याणासाठी झटा आणि परमेश्वराजवळ त्यासाठी प्रार्थना करा, असा त्या ओवीचा आशय आहे.

"ज्यायनं धरून नेलं, त्यायच्याच गावासाठी प्रार्थना करा म्हणते," ते म्हणाले.

मी काही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे मी जेवढे पुस्तकांतून शिकले त्याहून अधिक अशाच खोल्यांत शिकले आहे.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ताई, माझं बाबेल तं धुऱ्याच्या पल्याड हाये."

इतक्या भेटींत भाऊंनी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद एकदाही काढला नव्हता. शेजारचे वावर त्यांच्या धाकट्या भावाचे, धुरा कोणी सरकवला यावरून बोलणे बंद झालेले, प्रकरण मोजणीपर्यंत गेलेले. एकाच चर्चमध्ये दोघे वेगवेगळ्या बाकांवर बसत. मी त्यांना विचारले, की आत्ता देवाला काय उत्तर द्यावेसे वाटते. त्यांनी डोळे मिटले. मंडळीतल्या प्रार्थनेची ठरलेली सुरुवात त्यांनी केलीच नाही.

"प्रभू, त्याच्याही वावराले पाणी दे. त्याची पऱ्हाटी अळीपासून राख. मले हे म्हणावं वाटत नाही, पण तू म्हणतं म्हणून म्हणतो."

एवढीच प्रार्थना. पण माझ्या कामाच्या आयुष्यात मी ज्या प्रार्थना ऐकल्या, त्यांतल्या मोजक्याच मला याहून खऱ्या वाटल्या. त्या दिवशी आपण योग्य जागी गप्प राहिलो याचे समाधान मला आजही वाटते, ते लपवण्याचे कारण नाही.

नंतर विचार करताना मला दानीएलाचा नववा अध्याय आठवला. म्हातारा दानीएल बाबेलात यिर्मयाचेच लेख वाचत असतो, त्यातली सत्तर वर्षे त्याच्या ध्यानात येतात, आणि पुस्तक वाचता वाचता तो प्रार्थनेकडे वळतो. मुदत भरत आली, आता वचन पुरे कर, असा तगादा तो लावू शकला असता. त्याऐवजी तो गोणपाट नेसून, राख घालून म्हणतो की आम्ही पाप केले आहे, आणि आमची विनवणी आमच्या नीतिमत्त्वावर नव्हे तर तुझ्या करुणेवर टेकलेली आहे. वचन हातात धरून देवाकडे वसुली करणे आणि वचन ऐकून त्याला उत्तर देणे यांतला फरक मला इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेला नाही. भाऊ सात वर्षे वसुली करत होते. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि बोट पडेल ती ओवी आजचा कौल म्हणून घ्यायची, ही आपल्याकडची सवयही मला याच जातीची वाटते.

कोणी म्हणेल, की शास्त्रातले शब्द घेऊन केलेली प्रार्थना आपली कशी? वधस्तंभावर येशूने बाविसाव्या स्तोत्रातले शब्द उच्चारले आणि प्राण सोडताना एकतिसाव्यातले. येशूची आई मरीया हिच्या गीतात जुन्या करारातल्या हन्नाच्या गीताचे सूर सरळ ऐकू येतात. माशाच्या पोटातला योना स्तोत्रांच्याच भाषेत बोलतो. उसने शब्द घेण्यात कमीपणा नाही. आपला जीव त्यांत उतरला की ते आपलेच होतात.

ज्यांना अडण्याची जागा सापडत नाही, त्यांना मी धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५३५ साली आपल्या न्हाव्याला, पेटरला, लिहून दिलेली रीत सांगते. दहा आज्ञांतली एकेक आज्ञा घेऊन तो स्वतःला चार गोष्टी विचारी: ही मला काय शिकवते, हिच्यामुळे मी कशाचे आभार मानू, हिच्यापुढे कशाची कबुली देऊ आणि काय मागू. भाऊंना ही रीत लागली नाही, त्यांच्या पत्नीला मात्र फार सोयीची वाटली. ज्या बायांना अक्षरओळख नाही, त्यांनी नातवंडाकडून वाचून घ्यावे किंवा मोबाईलवर ऐकावे. पौलाची पत्रेही मंडळ्यांनी वाचून दाखवलेलीच ऐकली होती. सुरुवात लहान स्तोत्रांपासून करावी, एकशे एकोणिसाव्यापासून नको, कारण त्याच्या १७६ ओव्या आहेत.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात सांगितल्यावाचून राहवत नाही. प्रार्थनेतल्या कोरडेपणासोबत झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणे नकोसे झाल्याचे बोलणे येत असेल, तर तो प्रश्न वाचनाच्या पद्धतीचा राहत नाही. अशा वेळी डॉक्टरांकडे न्यावे, सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक लावावा, आणि शास्त्र व प्रार्थना उपचारांच्या जोडीने चालू ठेवाव्यात. मदत घेणे हा अविश्वास आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी मी वाद घालते.

भाऊंनी धुऱ्यावरचा आपला हक्क सोडलेला नाही, आणि तो सोडावा असे मीही सुचवले नाही. शत्रूसाठी प्रार्थना करणे म्हणजे मोजणीचा अर्ज मागे घेणे नव्हे. धाकट्या भावाशी बोलणे सुरू झाले आहे, तेही कामापुरते. मोजणी अजून व्हायची आहे. तारीख मिळाली की दोघेही हजर राहणार असल्याचे त्यांनी परवा फोनवर कळवले. मग विचारले, "ताई, यिर्मया तं बावन्न अध्यायांचा हाये. असाच सावकाश वाचला तं चालते नं?" मी चालते म्हटले, आणि पहिला अध्याय दोन आठवडे पुरेल असेही सांगितले.