तुरीचे पैसे आले की एसी, हीटरची गळती मात्र आजच

जिंतूर तालुक्यातून आलेलं तुमचं पत्र थोडक्यात असं. 2013 ची थार सीआरडीई (डिझेल), कापडी हूडची. एसी गेल्या उन्हाळ्यापासून गार हवा देत नाही. या थंडीत हीटर लावला की गोडसर वास येतो, काच धुरकटते आणि डावीकडच्या सीटपुढची मॅट चिकट ओली होते. गॅरेजवाल्याने सगळं मिळून 52,000 रुपये सांगितले. वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी परभणीला न्यावं लागतं, येऊन-जाऊन 90 किलोमीटर. पीककर्ज फेडायला 1,60,000 रुपये बाजूला ठेवलेत. त्यातून हे काम उरकावं, की चुलतभाऊ म्हणतात तशी गाडी विकून नवी घ्यावी, असं तुम्ही विचारलंय.

दुरुस्ती करा. पण पीककर्जाच्या पैशांना हात लावू नका, आणि 52,000 चा आकडा तपासणी झाल्याशिवाय मान्य करू नका.

आधी कर्जाचं बोलते, कारण सगळ्यात महाग चूक तिथे होऊ शकते. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची 3 टक्के सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून तुमच्यावरचा व्याजाचा बोजा शून्यावर येतो. मुदत हुकली की या सवलती हातून जातात. 1,60,000 वर नुसतं 7 टक्क्यांनी धरलं तरी वर्षाचे 11,200 रुपये होतात, आणि थकीत झाल्यावर बँक त्याहून जास्त दर लावते. वर पुढच्या खरिपाचं कर्ज अडतं ते वेगळंच. ‘एवढे गाडीला वापरतो, उरलेले भरतो’ हा हिशेब इथे चालत नाही, कारण खातं पूर्ण भरल्याशिवाय नवं-जुनं, म्हणजे जुनं कर्ज फेडून नवं उचलणं, होत नाही. खरिपाच्या कर्जाची मुदत साधारण 31 मार्च असते. तुमची नेमकी तारीख बँकेतून लिहून आणा आणि शक्य असेल तर फेब्रुवारीतच भरून मोकळे व्हा. पैसे घरात दिसत राहिले की त्यांना वाटा फुटतात.

आता हीटर. जानेवारीत तुम्ही एसी लावत नाही, म्हणजे मॅटवर आलेलं पाणी एसीच्या तुंबलेल्या नळीचं नाही. गोड वास, चिकटपणा आणि काचेवरची वाफ ही तिन्ही लक्षणं एकत्र असतील तर डॅशबोर्डमागची हीटर कॉइल गळते आहे आणि इंजिनचं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रावण, केबिनमध्ये येतं आहे. हे काम लांबणीवर टाकता येत नाही. कुलंट कमी होत गेलं की इंजिन तापतं, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) जातं, आणि मग जो खर्च येतो त्यापुढे हे 52,000 सुद्धा कमी वाटतील. तेही वडील गाडीत असताना, वाटेत कुठेतरी. असं होऊ देऊ नका.

याच आठवड्यात हीटरच्या दोन्ही होज पाइप इंजिनच्या बाजूला एकमेकांना जोडून घ्या. मेकॅनिक याला बायपास म्हणतात. काम थोड्या वेळाचं आहे, खर्च शेकड्यांत आहे आणि इंजिन सुरक्षित राहतं. थंडीचे उरलेले दिवस वडिलांच्या पायावर घोंगडी टाकून निघतील. कुलंट मात्र तयार मिळणारं किंवा डिस्टिल्ड वॉटर मिसळलेलंच घाला. आपल्याकडे बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतायची सवय सर्रास आहे, आणि आपलं बोअरचं पाणी किती क्षाराचं असतं ते घरातल्या हंड्याच्या तळाशी बघा. तोच थर कॉइलच्या बारीक नळ्यांत बसतो, त्या तुंबतात आणि कुजतात.

एसीकडे मी वेगळ्या नजरेने बघते. कुणी शनिवार-रविवारच्या भटकंतीसाठी विचारलं असतं तर मी काचा उघडा म्हटलं असतं. परभणीचा पारा एप्रिल-मेमध्ये 42-43 च्या पुढे जातो. डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून प्यावं लागतं, तहान लागली म्हणून बाटली तोंडाला लावता येत नाही. चार तास मशिनवर झोपून थकलेला माणूस दुपारी तापलेल्या गाडीत बसून घरी येतो, तेव्हा एसीला चैन म्हणता येत नाही. तुम्ही पत्रात ‘उगाच खर्च तर नाही ना’ असं विचारलंय. उगाच नाही.

तरीही आकडे मांडू. गावातली एसी गाडी एका खेपेला 1,800 रुपये घेते, आणि तुमच्या गाडीला त्याच खेपेला 700 चं डिझेल लागतं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे भाड्याच्या गाडीचा जादा बोजा 1,100 रुपये. मार्च ते मे धरल्यास 26 खेपा, 28,600 रुपये. तुमच्या गाडीची 15 वर्षांची नोंदणी जून 2028 पर्यंत आहे, म्हणजे हा धरून तीन उन्हाळे. नीट झालेली दुरुस्ती दुसऱ्या उन्हाळ्यातच फिटते. त्यानंतरही गाडी ठेवायची तर फिटनेस तपासणी, 5,000 रुपये नूतनीकरण शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच वर्षं वाढवून मिळतात, पण तो निर्णय 2028 मध्ये इंजिन आणि चेसिसचा गंज बघून घ्या. आज दुरुस्तीचा हिशेब तीन उन्हाळ्यांवरच करा.

तुमच्या कोटेशनमध्ये कॉम्प्रेसर 18,000, कंडेन्सर 8,500, कुलिंग कॉइल 7,000, हीटर कॉइल 4,500, ड्रायर-व्हॉल्व्ह-गॅस 5,000 आणि मजुरी 9,000 आहे. यातलं काहीच उघडून बघितलेलं नाही, हे तुम्हीच लिहिलंय. न बघता सगळंच बदलायचं म्हणणं गॅरेजला सोपं असतं, पैसे तुमचे जातात. गाडीच्या एसीचा गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे तो कुठून तरी गळाला. म्हणून दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून घेणं हे पैसे हवेत सोडणं आहे. आधी नायट्रोजन भरून प्रेशर टेस्ट करायला सांगा आणि गळती तुमच्या डोळ्यांसमोर दाखवायला सांगा. खडीच्या रस्त्यावरच्या गाडीत पुढचा कंडेन्सर दगडाने फुटलेला असतो किंवा जोडाच्या रबरी रिंगा सुकलेल्या असतात, हे वारंवार दिसतं. कॉम्प्रेसरबद्दल एकच विचारा: त्याचा क्लच (कॉम्प्रेसर इंजिनला जोडणारा भाग) बसतो का आणि बसल्यावर घरघर येते का? क्लच नीट बसत असेल, आवाज नसेल आणि त्यातून गळती नसेल, तर 18,000 तिथेच वाचतात आणि काम 34,000 वर येतं.

मजुरीचे 9,000 मात्र मला जास्त वाटत नाहीत, कारण डॅशबोर्ड पूर्ण उतरवावा लागतो. हीटर कॉइल आणि कुलिंग कॉइल डॅशमागे शेजारी-शेजारी असतात. म्हणूनच हीटर आज फक्त बायपास करा म्हणते. आज हीटरसाठी डॅश उघडला आणि मार्चमध्ये एसीसाठी परत उघडला, तर तीच मजुरी दोनदा द्याल. एकदाच उघडा, दोन्ही कॉइल त्याच वेळी बसवून घ्या, ब्लोअर साफ करून घ्या. पावसाळ्यात धुरकटलेली काच साफ करायलाही एसीची कोरडी हवा कामाला येईल.

आणि हूड. चेन तुटली आहे, मागची प्लास्टिकची खिडकी फाटली आहे, असं तुम्ही ओझरतं लिहून गेलात. मला तो पत्रातला महत्त्वाचा मुद्दा वाटला. त्या फटींतून गार हवा जाणार असेल तर नवाकोरा कॉम्प्रेसर बसवूनही 43 अंशात वडिलांना काही जाणवणार नाही. तुम्हाला सांगितलेले 6,000 रुपये आधी हूडवर लावा. लोखंडी टप बसवायच्या भानगडीत पडू नका, गाडीच्या रचनेतला असा बदल आरसी बुकवर नोंदवावा लागतो.

म्हणजे 34,000 आणि 6,000, एकूण 40,000. ते तुरीतून येऊ द्या. 7 क्विंटल होईल म्हणता. या (2025-26) हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8,000 आहे, पण बाजारात तो मिळेलच असं धरू नका. 6,500 ने हिशेब केला तरी 45,500 हातात येतात. विम्यातून काही मिळेल ही आशा सोडा, झिजेचा खर्च पॉलिसीत बसत नाही. बचत खात्यातले 30,000 वडिलांच्या आजारपणासाठी तसेच राहू द्या. डायलिसिस जन आरोग्य योजनेतून होत असलं तरी अचानक दाखल करावं लागलं की पहिल्या रात्री रोख लागते.

चुलतभावांचा सल्ला आपुलकीचा आहे, पण आकड्यात बसत नाही. 10 लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 21,000 रुपये. तुमची दर महिन्याची खात्रीची मिळकत दुधाची, 14,000. पावसाळ्यात शेतातल्या आखाड्यापर्यंतच्या काळ्या चिखलातून जाणारी फोर बाय फोर तुमच्याकडे आहे आणि तिचं कर्ज फिटलेलं आहे. ती विकू नका.

टेस्ट फेब्रुवारीतच करून घ्या, एप्रिलमध्ये एसीवाल्यांकडे रांग लागते. बदललेले जुने भाग परत मागा आणि कामाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या. कॉम्प्रेसर खरंच गेलेला निघाला तर हूडसह खर्च 58,000 वर जाईल, तो तुरीत बसणार नाही. तसं झालं तर बायपास तसाच ठेवा, हूड शिवून घ्या, आणि एप्रिल-मेच्या साधारण 18 खेपांना भाड्याची गाडी सांगा. त्याचे जादा 19,800 रुपये होतील. एसीचं काम मग सोयाबीन विकल्यावर, दिवाळीनंतर करा. तेव्हा पुढचे दोन उन्हाळे शिल्लक असतील, आणि 57,200 रुपयांचं भाडं वाचत असेल तर तो खर्चही करण्यासारखा आहे.