पहिल्या बैठकीआधी

अगं, ज्यू-मुस्लिम गटाच्या पहिल्याच भेटीत गाझाचा विषय काढू नकोस. टाळायचा नाहीच, पण आधी दोन-चारदा एकत्र चहा होऊ दे. दोन्हीकडची माणसं सारख्याच संख्येने बोलव, नाहीतर एकट्या पडलेल्याला अख्ख्या धर्माचा वकील व्हावं लागतं. शुक्रवार धरू नकोस: दुपारी मुस्लिमांची जुम्म्याची नमाज, सूर्यास्ताला ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, सुरू. खायला अख्खी फळं, कागदी ताटल्या. कडक कोशर (ज्यूंचे खाण्याचे नियम) पाळणाऱ्यांना आपल्या भांड्यातलं शाकाहारीही चालत नाही. (मी हौसेने बटाटेवडे नेले होते, डबा जवळजवळ तसाच परत आला.)

याने होतं काय, असं कुणी विचारलं तर अमेरिकेतलं पिट्सबर्ग सांग. २०१८ मध्ये तिथल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) ११ जण मारले गेले, तेव्हा मुस्लिमांनी वर्गणी काढली. पुढच्या मार्चमध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, ५१ जण गेले, तेव्हा पिट्सबर्गच्या ज्यूंनी तिकडे पैसे पाठवले.